टक्के सांगणाऱ्याला आधी विचारा, “कशाचे टक्के?”



आज औषधांबद्दल थोडं आणि पैशांबद्दल जास्त लिहिणार आहे. “डॉक्टर, तुम्ही बीपी-शुगरचं सांगा, पैशाचं कशाला?” असं काहीजण म्हणतील. त्यांनी आधी ही हकिकत वाचावी.

अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात जॉबर असलेले एक गृहस्थ माझ्याकडे आले. वय बावन्न. जिना चढताना छातीत दाटायचं, थांबलं की बरं वाटायचं. मी त्यांना अँजिओग्राफी करून घ्या म्हटलं. ते म्हणाले, “करतो साहेब, पैसे मोकळे झाले की.” मोकळे व्हायला तीन महिने गेले. चौथ्या महिन्यात पहाटे हार्ट अटॅक आला. जीव वाचला, पण हृदयाचं पंपिंग साठवरून पस्तीसवर आलं. आता ते मागाखाली वाकू शकत नाहीत.

नंतर त्यांच्या बायकोने फाइलची पिशवी माझ्या टेबलावर उलटी केली. ईसीजीच्या कागदांबरोबर तीन कागद निघाले. एक विमा पॉलिसी, “दुप्पट मिळणार” म्हणून घेतलेली. एक पतसंस्थेतली ठेवपावती, जिचे पैसे “आज या, उद्या या” करत अडकलेले. आणि एका फायनान्सचं कर्ज, “फक्त बारा टक्क्यांनी” घेतलेलं. माणूस कंगाल नव्हता, पण त्याच्या पैशातला एकही रुपया वेळेवर हातात येत नव्हता.

त्यांच्या फाइलमध्ये मी आजाराचं नाव कोरोनरी आर्टरी डिसीज असंच लिहिलं. पण त्या तीन महिन्यांच्या उशिराचं कारण वेगळं होतं. ज्या शब्दांवर त्यांनी सही केली, ते शब्द त्यांना कुणी समजावलेच नव्हते. माझं स्पष्ट मत आहे की हे नजरचुकीने होत नाही. टक्के सांगायचे आणि ते कशाचे हे गाळायचं, हा आपल्याकडे धंदाच झालाय. त्या धंद्यात आम्ही डॉक्टरही आहोत. म्हणून सुरुवात आमच्याच घरापासून करतो.

आधी आमचं पाप

कोलेस्टेरॉलची एक प्रसिद्ध गोळी “हार्ट अटॅकचा धोका ३६ टक्क्यांनी कमी करते” अशी जाहिरात परदेशात वर्षानुवर्षं चालली. आकडा खोटा नव्हता. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासातून तो आला होता. दहा हजारांहून अधिक रक्तदाबाचे रुग्ण, साधारण सव्वातीन वर्षं. ज्यांना खोटी गोळी दिली त्यांच्यात १०० पैकी ३ जणांना हृदयविकाराचा झटका आला किंवा हृदयविकाराने मृत्यू झाला. खरी गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण १०० पैकी जवळपास २ होतं.

तीनाचे दोन झाले. तीनाच्या तुलनेत ही घट एक तृतीयांशाहून थोडी जास्त, म्हणजे ३६ टक्के. हिला सापेक्ष घट म्हणतात. पण शंभर माणसांच्या तुलनेत घट झाली साधारण एकाची, म्हणजे १ टक्का. ही निव्वळ घट. आणि तिसरा आकडा, जो कुणीच सांगत नाही: एका माणसाचा झटका टाळण्यासाठी सुमारे ९० माणसांनी तीन वर्षांहून जास्त काळ ही गोळी घ्यावी लागते.

तिन्ही आकडे खरे. जाहिरातीत मोठ्या अक्षरात कुठला येणार, हे तुम्हीच सांगा.

(हे वाचून स्वतःची गोळी बंद करू नका! ज्यांना आधी अटॅक आलाय, स्टेंट बसलाय, त्यांचा मुळातला धोका खूप जास्त असतो. म्हणून त्यांना होणारा निव्वळ फायदाही मोठा असतो. आमच्या जॉबरकाकांना ती गोळी मी रोज घ्यायला लावतो.)

टक्क्यांनी माणसं घाबरतात तेव्हाही असंच होतं. ऑक्टोबर १९९५ मध्ये ब्रिटनमध्ये जाहीर झालं की नव्या प्रकारच्या गर्भनिरोधक गोळ्यांनी रक्ताच्या गुठळ्यांचा धोका दुप्पट होतो, म्हणजे शंभर टक्के वाढ. प्रत्यक्षात सात हजार स्त्रियांमागे एकीच्या जागी दोघींना हा त्रास होत होता. पण “दुप्पट” ऐकून हजारो बायकांनी गोळ्या सोडल्या, आणि पुढच्या वर्षात इंग्लंड-वेल्समध्ये साधारण १३ हजार गर्भपात जास्त झाले. गोळीपेक्षा टक्क्यानेच जास्त नुकसान केलं.

आता याच चष्म्यातून पिशवीतले कागद पाहू.

कागद पहिला: “पैसे दुप्पट”

दरवर्षी २५ हजार, दहा वर्षं. एकूण अडीच लाख. विसाव्या वर्षाच्या शेवटी पाच लाख. एजंट म्हणाला, “दुप्पट! शंभर टक्के फायदा!”

शंभर टक्के खरे, पण किती वर्षांत? इथे चक्रवाढ व्याज समजून घ्या. व्याजावर व्याज मिळत गेलं की पैसा किती वर्षांत दुप्पट होईल, याचा सोपा हिशेब म्हणजे ७२ ला व्याजदराने भागा. ८ टक्क्यांनी ९ वर्षं, ६ टक्क्यांनी १२ वर्षं. हेच उलटंही करता येतं. या पॉलिसीत पहिला हप्ता वीस वर्षं राहतो, दहावा अकरा वर्षं. सरासरी काढली तर साडेपंधरा वर्षं. ७२ भागिले साडेपंधरा म्हणजे वर्षाला साडेचार टक्क्यांच्या आसपास. मोठं गणित मांडलं तरी उत्तर तेच येतं. “शंभर टक्के” सोलून पाहिले की आत साडेचार निघतात.

आता महागाई जोडा. वस्तूंचे भाव वर्षाला ६ टक्क्यांनी वाढले, तर वीस वर्षांनी मिळणाऱ्या पाच लाखांत आजच्या दीड लाखाएवढ्याच वस्तू येतील. म्हणून मिळणाऱ्या व्याजातून महागाई वजा करूनच उरलेल्याला खरा परतावा म्हणायचं. इथे तो शून्याच्याही खाली जातो.

“पण विमा तर आहे ना?” आहे की. अडीच लाखांचा. हा माणूस गेला असता तर त्याच्या घराचं किती दिवस भागलं असतं? विमा म्हणजे आपण गेल्यावर घर चालावं यासाठीची सोय. गुंतवणूक म्हणजे पैसा वाढवणं. दोन्ही एका पुडीत बांधली की बऱ्याचदा दोन्ही अर्धवट राहतात. ज्यात काहीच परत मिळत नाही असा साधा मुदत विमा त्याहून पुष्कळ कमी हप्त्यात कितीतरी मोठं संरक्षण देतो. पण “काही परत मिळत नाही” हे वाक्य ऐकून लोक उठून जातात. मंडळी, हेल्मेट घेतलंत आणि डोकं फुटलं नाही, तर दुकानदाराकडे पैसे परत मागता का?

आणि सगळ्यात महत्त्वाचा शब्द: रोखता. गरज पडल्यावर पैसा किती लवकर, किती कमी तोट्यात हातात येतो, ती रोखता. ही पॉलिसी मध्येच मोडली तर भरलेले पैसेही पूर्ण परत मिळत नव्हते. छातीत दुखत असताना उपयोगी पडतात ते बचत खात्यात असलेले घरखर्चाचे चार-सहा महिन्यांचे पैसे. कागदावरचे पाच लाख नाही.

कागद दुसरा: “फक्त बारा टक्के”

एक लाख कर्ज, दोन वर्षं, १२ टक्के. व्याज २४ हजार. एकूण १ लाख २४ हजार, भागिले २४ हप्ते, म्हणजे महिन्याला ५,१६७ रुपये. बरोबर वाटतं ना?

थांबा. पहिल्याच हप्त्यात तुम्ही मुद्दलातले चार हजारांहून जास्त परत केलेत. वर्षभरानंतर मूळ हिशेबाने निम्मंच मुद्दल तुमच्याकडे आहे. शेवटच्या महिन्यात तर चार हजारच. पण व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण लाखावर! याला फ्लॅट दर म्हणतात. जेवढं कर्ज उरलंय तेवढ्यावरच व्याज लावलं तर तो घटत्या शिलकीचा दर. या कर्जाचा खरा वार्षिक दर त्या पद्धतीने साडेएकवीस टक्के येतो. प्रोसेसिंग फी आणि सक्तीचा विमा धरला तर आणखी वर.

एकवीसला बारा म्हणून विकणं हे भेसळीपेक्षा वेगळं कसं, ते मला कुणीतरी सांगा. दूधवाल्याने असं केलं तर आपण मोहल्ला गोळा करतो. इथे मात्र आपण सही करून वर “थँक यू” म्हणतो.

एक चांगली गोष्ट लक्षात ठेवा. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२४ पासून बँका आणि फायनान्स कंपन्यांनी कर्ज देताना मुख्य माहितीचं एक पत्रक देणं बंधनकारक आहे. त्यात सगळे खर्च धरून खरा वार्षिक टक्केवारी दर लिहावा लागतो, आणि तेही कर्जदाराला समजेल अशा भाषेत. ते पत्रक मागा. मराठीत मागा, तेलुगू किंवा कन्नड वाचत असाल तर त्या भाषेत मागा. मिळाल्याशिवाय सही करू नका.

कागद तिसरा: “९९ टक्के सुरक्षित”

सोलापूरकरांना हे वेगळं सांगायला नको. दि लक्ष्मी को-ऑपरेटिव्ह बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने २२ सप्टेंबर २०२२ रोजी रद्द केला. त्या वेळी सांगण्यात आलं की साधारण ९९ टक्के ठेवीदारांना ठेव विम्यातून त्यांची पूर्ण रक्कम मिळू शकेल. कारण बँकेतल्या ठेवींवर प्रत्येक ठेवीदाराला मुद्दल आणि व्याज मिळून पाच लाखांपर्यंत विमा असतो. फेब्रुवारी २०२० पूर्वी ही मर्यादा एक लाखच होती.

आकडा दिलासा देणाराच होता. पण आपला प्रश्न विचारा: कशाचे ९९ टक्के? ठेवीदारांचे. ठेवींचे नाही. उरलेल्या एका टक्क्यात कोण असतं? निवृत्तीची सगळी पुंजी एकाच ठिकाणी ठेवलेले मास्तर, शेत विकून पैसे ठेवलेला शेतकरी. पाच लाखांच्या वरचे पैसे किती आणि कधी मिळतील, ते बँकेच्या वसुलीवर अवलंबून. म्हणून विभागणी हा शब्द शिका: सगळी रक्कम एका ठिकाणी नको.

आणि आमच्या जॉबरकाकांचं काय? त्यांची ठेव बँकेत नव्हतीच, पतसंस्थेत होती. हा पाच लाखांचा ठेव विमा बँकांना आहे, पतसंस्थांना नाही. तिथे एक-दीड टक्का व्याज जास्त मिळत होतं ना? तो जास्तीचा टक्का याच जोखमीची किंमत होती. चांगल्या पतसंस्था आहेत, मी नाकारत नाही. पण जास्त व्याज आणि जास्त सुरक्षितता एकत्र देतो म्हणणारा माणूस एकतर भोळा असतो किंवा तुम्हाला भोळा समजतो.

“सरासरी पन्नास टक्के कमावतोय!”

हा आवाज मोबाइलमधून येतो. पहिल्या वर्षी शंभराचे दीडशे झाले, पन्नास टक्के नफा. दुसऱ्या वर्षी पन्नास टक्के तोटा. सरासरी किती? शून्य. म्हणजे शंभर रुपये तसेच राहिले? नाही! दीडशेचे निम्मे, पंचाहत्तर उरले. नफा शंभरावर मोजला, तोटा दीडशेवर. पाया बदलला की तोच टक्का वेगळा माल देतो.

सरासरी मधले चढउतार लपवते. शुगरचंही तसंच. एखाद्याची शुगर सकाळी ५० आणि जेवणानंतर २५०. सरासरी दीडशे, दिसायला ठीकठाक. पण पहाटे पन्नासला तो बेशुद्ध पडतो, त्याचं काय?

“माझ्या मित्राने ऑप्शनमध्ये गाडी घेतली” असं ऐकलं की आणखी एक शब्द आठवा: तगलेल्यांचा भास. जे जिंकले तेच बोलतात. हरलेले गप्प बसतात, काहीजण झोपेच्या गोळ्या मागायला माझ्याकडे येतात. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये आकडे जाहीर केले. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये व्यवहार करणाऱ्या एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकी ९३ टक्के तोट्यात गेल्या. एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून जास्त. (कशाचे ९३ टक्के? फ्युचर्स-ऑप्शन्सवाल्यांचे. शेअर बाजारात सावकाश, वर्षानुवर्षं गुंतवणूक करणाऱ्यांचे नव्हे. आपल्या सोयीच्या आकड्यालाही हाच प्रश्न विचारायचा.)

आणि लांब कशाला जायचं? जानेवारी २०२२ मध्ये आपल्याच जिल्ह्यात, बार्शीत, शेअर बाजारातून अफाट परताव्याचं आमिष दाखवून फसवणूक केल्याचा गुन्हा दाखल झाला. पैसे गुंतवणाऱ्यांत शिकलेली, नोकरदार, व्यापारी माणसंही होती. डिग्रीने यातून सुटका होत नाही.

आरोग्य विम्यातले टक्के

हे थोडक्यात, पण कापून ठेवा.

खोलीभाड्याची मर्यादा: पाच लाखांची पॉलिसी, खोलीभाडं एक टक्का, म्हणजे दिवसाला पाच हजार. तुम्ही दहा हजारांची खोली घेतलीत. तुम्हाला वाटतं फरक फक्त भाड्याचा. तसं नाही! अशा पॉलिसीत सर्जनची फी, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग यांचे पैसेही त्याच प्रमाणात, म्हणजे निम्मे कापले जाऊ शकतात. (औषधं, इम्प्लांट, तपासण्या यांवर ही कपात लागत नाही.)

सहभाग, म्हणजे को-पे: २० टक्के को-पे असेल तर मंजूर बिलातला पाचवा हिस्सा तुमचा.

प्रतीक्षा काळ: आधीपासून असलेल्या आजारांसाठी थांबायचा काळ. एप्रिल २०२४ पासून जास्तीत जास्त तीन वर्षं. बीपी-शुगर लपवू नका, फॉर्मवर लिहा.

क्लेम मंजुरीचं प्रमाण: “९५ टक्के क्लेम मंजूर.” कशाचे? क्लेमच्या संख्येचे. दोन लाख मागितले आणि सव्वा लाख दिले, तरी तो क्लेम मंजूर झालेल्यांतच मोजला जातो.

“सामान्य माणसाला हे झेपत नाही”

हे वाक्य मी बँकेत ऐकलंय, एजंटांकडून ऐकलंय, डॉक्टरांच्या कॉन्फरन्समध्ये तर पुष्कळ वेळा ऐकलंय. मला याचा मनापासून राग येतो.

अहो, या शहरात बायका हजार विड्यांच्या मजुरीवर घर चालवतात. किती पान दिलं, किती तंबाखू दिली, हजारातल्या किती विड्या नापास केल्या, त्यामुळे मजुरी किती कमी झाली, हे त्या तोंडी सांगतात. हजारातले किती, हाच तर टक्क्याचा हिशेब! भिशीत कितव्या नंबरला उचल घेतली तर काय फायदा-तोटा, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं कळतं. डोकं कमी पडत नाही, माहिती अर्धी दिली जाते. आणि अर्धी माहिती देणाराच वर म्हणतो, “लोकांना आर्थिक साक्षरता नाही!”

जॉबरकाकांच्या बाबतीत तर मलाच लाज वाटली. अँजिओप्लास्टी महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसते. ही योजना २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी नावाने सुरू झाली, तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत सोलापूर होतं. आता संरक्षण वर्षाला प्रति कुटुंब पाच लाखांपर्यंत आहे. मी त्यांना “अँजिओग्राफी करा” म्हटलं, पण “योजनेतल्या रुग्णालयात रेशनकार्ड आणि आधार घेऊन आरोग्यमित्राला भेटा” हे सांगायचं राहिलं. अर्धी माहिती मीही दिली. आता माझ्या टेबलावर त्या योजनेचा कागद चिकटवलेला आहे.

थोडक्यात, सहीपूर्वीचे पाच प्रश्न:

१. कशाचे टक्के? शंभर माणसांत किंवा शंभर रुपयांत सांगा.

२. किती काळात? वर्षाला किती पडतात?

३. महागाई आणि सगळे खर्च वजा करून हातात काय उरतं?

४. उद्या पैसे लागले तर किती मिळतील, किती दिवसांत?

५. बुडालं तर भरून कोण देणार, आणि कुठपर्यंत?

उत्तर देताना समोरचा चिडला, घाई करू लागला, “विश्वास नाही का?” म्हणाला, तर उठून या. समोर डॉक्टर असला तरीही.

मागच्या आठवड्यात जॉबरकाका तपासणीला आले होते. मी एक नवी गोळी लिहिली आणि म्हटलं, “याने फायदा होईल.” त्यांनी चष्मा वर केला आणि विचारलं, “साहेब, शंभरात किती जणांना?”

मी पेन खाली ठेवलं आणि नीट समजावून सांगितलं. ओपीडीला दहा मिनिटं उशीर झाला. बाहेर थांबलेल्यांची माफी मागितली, पण वाईट वाटलं नाही.

तुम्हीही विचारा. आणि काळजी घ्या.